अण्णांच्यानंतर अण्णाच

आमच्या संघाचे अध्यक्ष पंधरा वर्षांपूर्वी वारले. अध्यक्ष अजून तेच आहेत.

हे मी चेष्टेनं सांगत नाही. इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक सभेची पहिली ओळ एकच आहे : 'अध्यक्षस्थानी कै. जोतिबाअण्णा.' सभेच्या खोलीत टेबलाच्या टोकाला त्यांची खुर्ची आहे, खुर्चीत त्यांची टोपी आहे आणि टोपीला दर सोमवारी नवा हार असतो. आठ गावांचे आठ संचालक दोन्ही बाजूंना चार-चार बसतात. ठराव झाला की नाथाजी कपाटातून अण्णांच्या सहीचा रबरी शिक्का काढतो, त्यावर फुंकर मारतो आणि ठरावाखाली उमटवतो. शिक्का उमटला की तो ठराव अण्णांचा झाला, आणि अण्णांचा ठराव कुणी बदलत नाही. पंधरा वर्षांत एकही बदललेला नाही. मी वह्या तपासल्या आहेत.

अष्टग्राम उपसा जलसिंचन संघ हे आमचं नाव. इस्लामपूरहून एसटीनं पाऊण तासावर, कृष्णेच्या काठी आमचं पंपघर. नदीचं पाणी उचलून टेकडीवरच्या हौदात टाकायचं आणि तिथून पाटानं आठ गावांना सोडायचं, एवढंच काम. मी वाईची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर इथं तांत्रिक सहाय्यक म्हणून लागले. मीटर वाचणं, पाण्याच्या नोंदी ठेवणं आणि संचालकांनी विचारलं तर उत्तर देणं हे माझं काम. शेवटच्या कामाची वेळ फारशी येत नाही.

पोर्टलवर, अर्जावर, जिथं खरोखरच्या माणसाची सही लागते तिथं त्या वर्षीचा 'प्रभारी अध्यक्ष' सही करतो. हा प्रभारी दर वर्षी पंधरा मे रोजी बदलतो. क्रम नदीपासून वर : पहिलं गाव बोरखडी, आठवं पांढरमाळ. आठ वर्षांत फेरी पुरी झाली की पुन्हा बोरखडी.

पंधरा मे ही तारीख मला पहिल्या वर्षापासून खुपत होती. मेच्या मध्यावर पाण्याची सगळ्यांत जास्त ओढ असते. त्याच दिवशी प्रमुख बदलायचा म्हणजे खंबाटकी घाटाच्या ऐन वळणावर ड्रायव्हर बदलण्यासारखं. पाडवा का नाही, अक्षय्य तृतीया का नाही, गेला बाजार एक एप्रिल तरी?

"अण्णांनी ठरीवलं," नाथाजी म्हणाला. नाथाजी पंप चालवतो. फौजेतून सुभेदार होऊन आलेला आहे, आणि पंपाशी तो जवानाशी बोलावं तसं हिंदीत बोलतो.

"पण का?"

"अण्णांच्या फुडं 'का' म्हनायची पद्धत नव्हती. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

दुसरी खुपणारी गोष्ट पाळीची. कागदावर प्रत्येक गावाला तीन दिवस पाणी, म्हणजे चोवीस दिवसांची फेरी. पण पंप मध्येच बंद पडला तर दुरुस्तीनंतर पाळी पुन्हा बोरखडीपासून सुरू होते. म्हणजे सातव्या गावाच्या पाळीत पंप बसला, तर आठव्या गावानं आणखी एकवीस दिवस थांबायचं, आणि तेव्हाही पंप बसला तर पुन्हा एकवीस. मी तीन वर्षांच्या बिघाडांचा तक्ता केला. चौदा बिघाड. त्यांतले बारा सातव्या किंवा आठव्या गावाच्या पाळीत. मोटर आठही गावांना सारखीच चालते. तिला गाव कळत नाही. निव्वळ योगायोगानं बारा तिथंच पडण्याची शक्यता मी काढली, आणि तो आकडा एवढा लहान आला की दशांशचिन्हापुढची शून्यं मला दोनदा मोजावी लागली.

"नाथाजीमामा, मोटरला नेमकं होतं काय?"

"फोन येतो."

"कुणाचा?"

त्यानं तंबाखू मळत नदीकडं पाहिलं. "मोटरचा न्हाई येत, यवढं नक्की."

आठव्या गावाच्या संचालक विजयमाला काकी. त्यांचे यजमान हवालदार होते, निवृत्तीनंतर संचालक झाले. मागच्या फेरीत पांढरमाळची पाळी आली तेव्हा वर्षभर तेच प्रभारी होते. "वरीसभर त्यांनी निस्ता च्या सांगितला," काकी म्हणायच्या. "अण्णांचा शंभूराज म्हनंल तितं सही. मरताना मला म्हनले, माले, त्या खुर्चीच्या शेजारी बसून मी काय केलं गं?" ते गेल्यावर गावानं काकींना निवडून दिलं. तेव्हापासून त्या पंधरा मेची वाट पाहत होत्या. त्यांना प्रभारी होऊन एकच गोष्ट करायची होती, आणि ती काय हे आठही गावांना ठाऊक होतं. पंप बंद पडला तर पाळी जिथं थांबली तिथून पुढं सुरू करायची.

मार्चमध्ये एकदा त्या पंपघरावर आल्या. पायांत प्लास्टिकच्या चपला, हातात माझ्यासाठी शेंगांची पिशवी.

"पोरी, पाळी पैल्यापासनं, ह्यो नेम कुटं लिवलाय ते तेवढं हुडकून दे."

मी दोन महिने वह्या हुडकल्या. कुठंच नव्हता. ना ठराव, ना शिक्का. नुसती रीत होती.

"म्हंजे अण्णांचा न्हाई," काकी म्हणाल्या. त्यांनी एकदाच मान हलवली. "मग बदलाय येतोय."

शंभूराज हा अण्णांचा मुलगा, बोरखडीचा संचालक. वय पंचेचाळीस, पांढरे कपडे, आणि कुठलंही वाक्य अण्णांपासून सुरू करायची सवय. एप्रिलमध्ये त्यानं मला बोलावलं. अण्णांच्या पुण्यतिथीची स्मरणिका काढायची होती, आणि संघाच्या 'आगळ्या वेगळ्या लोकशाही परंपरेवर' चार पानं मी लिहायची होती.

"तू वाईची. तुमचं मराठी लय शुद्ध असतंय."

मी जुनं कपाट उघडलं. वाळवीनं सोडलेल्या कागदांत एक इंग्रजी पुस्तिका निघाली, वर लाल तारा, आणि एक फोटो : कुठल्याशा मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवर फेटा बांधलेले अण्णा, भोवती सुटातले परदेशी लोक. मागं लिहिलेलं : 'बेलग्रेड, मे १९८३. सहकार अभ्यासदौरा.' पुस्तिकेत जागोजागी पेन्सिलीनं मराठी शब्द होते. ते अक्षर मला ओळखीचं वाटलं. आमच्या वाईतल्या शाळेच्या जुन्या बक्षीसपत्रांवर ते मी लहानपणी पाहिलं होतं.

ते अक्षर ज्यांचं, ते शरच्चंद्र गुरुजी आता नव्वदीला आले आहेत. गणपती घाटाजवळच्या दोन खोल्यांत राहतात. पुस्तिका बघितल्यावर ते हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत.

"हे भाषांतर मीच केलं. संघाचे पोटनियम म्हणून. अण्णा गाडी घेऊन आले होते."

"पण हे तर युगोस्लाव्हियाच्या राज्यघटनेबद्दल आहे."

"हो. 'प्रजासत्ताक' आणि 'प्रांत' जिथं असेल तिथं 'गाव' घाला, असं त्यांनी सांगितलं. मी घातलं."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या देशात सहा प्रजासत्ताकं आणि दोन स्वायत्त प्रांत, निरनिराळ्या भाषांचे आणि धर्मांचे लोक. वर मार्शल टिटो, आजन्म अध्यक्ष. ते १९८० मध्ये गेले आणि मग आठ जणांचं मंडळ राज्य करू लागलं. मंडळाचा प्रमुख दर वर्षी बदलायचा, पंधरा मे रोजी. घोषणा एकच : टिटोंच्यानंतर टिटोच.

"आठ," मी म्हटलं. "आणि पंधरा मे."

"मी विचारलं अण्णांना. तारीख तरी पाडव्याची घालू का? म्हणाले, गुरुजी, डॉक्टरच्या चिठ्ठीत आपण फेरफार करतो का?"

"पण अण्णांना त्यात एवढं आवडलं तरी काय? तिथं कामगार स्वतः कारखाने चालवायचे, ते?"

"छे. ते बघायला त्यांना नेलं होतं, त्या वेळी हे गाडीत झोपले होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. 'गुरुजी, टिटोचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. त्या आठांपैकी एकाचं सांगा.' मला सांगता येईना. मांडीवर थाप मारून म्हणाले, 'मग हेच पाहिजे.'" गुरुजींनी चष्मा पुसला. "स्वतःच्या मागं कुणी मोठं होऊ नये याची तजवीज माणूस जिवंतपणी करतो, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. त्यासाठी विमानानं जाऊन आलेला हा एकच."

पुस्तिकेत एका परिच्छेदावर जाड पेन्सिलीची काट होती.

"हे काय?"

"आधीच्या अध्यक्षाचा निर्णय कसा रद्द करावा, त्याची रीत. अण्णा म्हणाले, हे आपल्याला लागणार नाही."

घरी येऊन मी त्या देशाचं पुढं काय झालं ते वाचलं. अकरा वर्षं पाळी चालली. मग १९९१ च्या पंधरा मेला ज्याची पाळी होती त्याला बसूच दिलं नाही. एरवी प्रमुखासाठीचं मंडळातलं मतदान नावापुरतं असायचं. पाच मतं हवी होती. चार बाजूनं पडली, तीन विरुद्ध, आणि एक जण तटस्थ राहिला. दीड महिना देशाला प्रमुख नव्हता. शेवटी बाहेरच्या देशांनी दटावल्यावर त्याच माणसाला बसवलं. तोवर दोन प्रजासत्ताकांनी आपण बाहेर पडलो असं जाहीर केलं होतं. त्यानंतरची पानं मी वाचली, पण ती इथं लिहिण्याजोगी नाहीत. गावंच्या गावं मेली.

आता माझी चूक.

मला वाटलं, माणसाला उदाहरण दिलं की तो त्यातून शिकतो. विज्ञानात असं होतं. एकाचा प्रयोग फसला की दुसरा तो तसा करत नाही. काकींची प्रभारीपदाची पाळी टाळायचं बोलणं चालू आहे अशी कुजबूज होती. म्हणून मी शंभूराजला १९९१ ची हकिगत सांगितली, अगदी तपशीलवार. एक पाळी अडवली आणि देश गेला, हे त्याला कळावं म्हणून.

त्यानं मोबाईल उलटा ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो माझं बोलणं लक्ष देऊन ऐकत होता. मला बरं वाटलं, हे लिहिताना अजून लाज वाटते.

"किती मतं लागत हुती?"

"पाच."

"आपल्या पोटनियमात हाय का ते?"

"आहे. गुरुजींनी वाक्य जसंच्या तसं आणलंय. 'पाच सदस्यांच्या संमतीने.' पण पंधरा वर्षांत कुणी मतदान घेतलेलं नाही."

"आन पडली चार."

"हो."

"चारच. म्हंजे विरुद्ध चार लागत न्हाईत. तीन आन एक गप. बरोबर?"

"बरोबर. पण साहेब, पुढं त्या देशाचं—"

"ज्यो गप बसला," शंभूराजनं विचारलं, "त्याला काय मिळालं?"

पंधरा मेला सकाळी अकरा वाजता सभा सुरू झाली. नाथाजीनं पंपघराचा भोंगा वाजवला आणि अण्णांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. काकी जरीच्या काठाची साडी नेसून आल्या होत्या. त्यांच्या गावातली पंधरा-वीस माणसं बाहेर चिंचेखाली टेम्पोतून उतरून बसली होती, पेढ्यांचा पुडा घेऊन.

एरवी या सभेला सहा मिनिटं लागतात. जुना प्रभारी नव्याला नारळ देतो, सगळे टाळ्या वाजवतात, चहा होतो. त्या दिवशी शंभूराज उभा राहिला.

"अण्णांनी आपल्याला लोकशाही दिली. ती आपुन नीट वाचली न्हाई, ही आपली चूक. पोटनियम नऊ. पाच संमत्या. आपली अबोली लय हुशार पोरगी, तिनं ध्यानात आनून दिलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काकींनीही पाहिलं.

"नाव अबोली, आन तोंड बंद न्हाई," कुणीतरी हळूच म्हणालं.

हात वर झाले. बाजूनं चार : काकी स्वतः, आणि पाचव्या, सहाव्या, सातव्या गावांचे. विरुद्ध तीन : पहिलं, दुसरं आणि तिसरं. चौथ्या गावाचे गुंडातात्या टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडं बघत राहिले. सत्तरीचे, गळ्यात माळ, कुणाचं वाईट न चिंतणारे म्हणून प्रसिद्ध.

"तात्या, तुमचा हात?" काकी म्हणाल्या.

"माजा खांदा धरलाय गं पोरी. सकाळपासनं वर जाईना झालाय."

"डावा वर करा की."

"डाव्या हातानं शुभकार्य करू न्हाई."

तात्यांच्या गावाला पुढच्याच आठवड्यात बोरखडीच्या पाटातून नवीन फाटा मिळाला. त्या दिवशी खांदा एकदम बरा झालेला मी पाहिला. दोन्ही हातांनी ते कुदळ मारत होते.

सभा संपली. अध्यक्षस्थानी कै. अण्णा, प्रभारी कुणीच नाही. बाहेर पेढ्यांचा पुडा तसाच दोरा न सोडता टेम्पोत परत गेला. जाताना काकी माझ्यापाशी थांबल्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तू शिकवाय गेलीस. त्यो शिकला." आणि गेल्या.

चोवीस मेला पंप बसला. पाळी सातव्या गावावर होती. नाथाजीनं दुपारी पंप पुन्हा चालू केला आणि पाणी बोरखडीकडं वळवलं. बोरखडीच्या उसात ते तसंही पोटरीएवढं साचलं होतं. पांढरमाळला हळदीचं बेणं गोणपाटाखाली ठेवलेलं होतं. त्याला कोंब फुटले होते आणि रान कोरडं ठणठणीत. दहा दिवसांत पाणी आलं नाही तर बेणं सुकून फुकट जाणार, हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही. काकी रोज फोन करायच्या, एकच प्रश्न : "कुटवर आलंय?" मी गावाचं नाव सांगायची. त्या "बरं" म्हणून ठेवायच्या.

मग पाटबंधारे खात्याचं पत्र आलं. नदीतून पाणी उचलायचा परवाना नवा करायचा होता, मुदत एकतीस मे. अर्ज यंदापासून संगणकावर. अध्यक्षाचा आधार क्रमांक घालायचा, त्याला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकड्यांचा ओटीपी येतो, तो घातला की झाली सही.

शंभूराजनं आधी अण्णांचा शिक्का कागदावर उमटवून तो स्कॅन करायला लावला. पोर्टलनं घेतला नाही.

"अण्णांचं आधार घाल."

"साहेब, अण्णा गेले तेव्हा आधार निघालंच नव्हतं."

तो माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिला, जणू हा अण्णांचा अपमान मीच केला.

एकतीस मेला सकाळी आठही संचालक जमले. परवाना गेला तर बोरखडीसकट सगळी गावं कोरडी पडणार होती, त्यामुळं सगळे वेळेवर आले. आता कुणीतरी वर्षापुरतं प्रभारी व्हायचं आणि ओटीपी द्यायचा. सोपं काम. पण जो प्रभारी होईल त्याच्या गावाची पाळी आत्ताच खर्ची पडणार, आणि पुढच्या फेरीला त्याला मुकावं लागणार, असा हिशेब प्रत्येकानं रात्रीतून करून आणला होता.

"मी पुढल्या वर्षी हायच की," शंभूराज म्हणाला. "आत्ता घेतलं तर माजं वरीस वाया."

"माजं बी."

"मला तर आत्ताच सात वर्सं थांबायचंय. ती पाळीबी घालवू?" सातव्या गावाचा म्हणाला.

"तात्या, तुमी?"

"माजा खांदा—"

पाऊण तास हे चाललं. पाणी वाटायला बसलेली आठ शहाणी माणसं, आणि एकालाही पाणी आठवत नव्हतं. शेवटी शंभूराजनंच तोडगा काढला. वर्ष पांढरमाळचं आहे, तेव्हा वैनींनाच प्रभारी करावं. सही तेवढी होऊ दे, बाकी आपण आहोतच. हे तो काकींच्या समोर म्हणाला, त्या खोलीत नसल्यासारखा. सात हात वर गेले. तात्यांचा उजवा.

काकींनी हात वर केला नाही. त्या उठल्या, टेबलाच्या टोकाला गेल्या आणि अण्णांच्या खुर्चीतली टोपी हारासकट उचलली. टोपीखाली कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं होतं. काकींनी ते नखानं खरवडलं, खुर्ची पदरानं पुसली आणि बसल्या.

"वैनी!" शंभूराज उभाच राहिला. "ती अण्णांची जागा हाय."

"मग अण्णांस्नी सांगा नंबर द्याया."

कुणी हसलं नाही. दाराशी उभ्या नाथाजीनं मात्र 'सावधान' केल्यासारखी मान ताठ केली.

"अबोले, घाल माजं आधार."

मी घातलं. त्यांच्या पिशवीतल्या साध्या मोबाईलवर टिंग वाजलं. त्यांनी तो लांब धरून वाचला, मग पालथा करून मांडीवर ठेवला.

"किती येळ चालतोय ह्यो?"

"दहा मिनिटं."

"बास झाली. नाथाजी, वही आन. लिव पोरी : पंप बंद पडला, तर पाळी जितं थांबली तितनंच फुडं सुरू हुईल. कुटलंबी गाव असू दे."

"ह्याला आसं चालत न्हाई," शंभूराज म्हणाला. "अजेंड्यावर घ्याया लागतंय. अण्णांची रीत हाय, पैल्यापासनं पाळी."

"अबोले, हाय का कुटं?"

"नाही," मी म्हटलं. "सगळ्या वह्या पाहिल्या. कुठंही ठराव नाही."

"आठ मिनिटं," नाथाजी दारातून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या गावाचा संचालक शंभूराजच्या कानाशी लागला. "आरं गड्या, परवानाच गेला तर पाळी कशाची? दे की हात, मागनं बघू." तिसऱ्याचा हात तोवर वर गेलाच होता. तात्यांनी या वेळी दोन्ही वर केले, कुणाला शंका नको. शंभूराजचा हात शेवटी वर गेला, कोपरापर्यंतच.

"ठराव पास," काकी म्हणाल्या. "आता शिक्का."

"कसला शिक्का? तुमी सही करा की. प्रभारी तुमी."

"मी वर्साची धनीन. माज्या सहीचा ठराव तुमी पंधरा मेला फाडशीला." त्यांनी टोपी टेबलावर ठरावाच्या वहीशेजारी ठेवली, हार नीट केला. "अण्णांचा शिक्का मार, नाथाजी. अण्णांचा ठराव कुनी बदलत न्हाई. तुमचीच रीत हाय न्हवं?"

नाथाजीनं कपाट उघडलं, शिक्का काढला, त्यावर नेहमीसारखी फुंकर मारली आणि शंभूराजकडं न बघता तो उमटवला. मग पुन्हा एकदा, जरा खाली, कारण पहिला पुसट आला होता.

काकींनी मोबाईल सुलटा केला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. पोर्टलनं अर्ज घेतला. चहा आला. शंभूराजनं दोन घोट घेतल्यावर चार शब्द बोलतो म्हणून सांगितलं आणि बोलला. शेवटच्या गावापर्यंत पाणी जावं ही अण्णांची शेवटची इच्छा होती, ती आज पुरी झाली, असं तो म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज खरोखर भरून आला. टाळ्या वाजल्या. काकींनीसुद्धा वाजवल्या.

तीन जूनला पंप पुन्हा बसला. या वेळी खरंच, पट्टा तुटला होता. नाथाजीनं पट्टा घातला आणि पाणी जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं सोडलं. चौदा जूनला ते पांढरमाळला पोचलं. निम्मं बेणं वाया गेलं होतं, निम्मं लागलं. "निम्मं तर निम्मं," काकी फोनवर म्हणाल्या. मागं पाटाचा आवाज येत होता.

बिघाडांची वही माझ्याकडं आहे. त्या जूनपासून या एप्रिलपर्यंत चार नोंदी. एक बोरखडीच्या पाळीत, एक चौथ्या गावाच्या, दोन सहाव्याच्या. सातव्या-आठव्याच्या एकही नाही. मोटर तीच, वायरिंग तेच, एक नटसुद्धा बदललेला नाही. तब्येत मात्र सुधारली.

स्मरणिकेत माझी चार पानं छापली नाहीत. तिथं अण्णांचा फेट्यातला फोटो आहे, खाली 'मार्शल टिटोंच्या देशात मार्गदर्शन करताना'.

गेल्या आठवड्यात शंभूराजनं मला पुन्हा बोलावलं. पंधरा मे जवळ आला आहे, या वेळी पाळी बोरखडीची, म्हणजे त्याची. त्याच्यासमोर पोटनियमांची प्रत उघडी होती. त्यानं ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली असावी, जागोजागी पानं दुमडलेली होती.

"अबोली, अध्यक्षाचा ठराव फिरवायचा आसंल तर ह्यात कायच कलम न्हाई गं?"

"नाही, साहेब."

"त्या मूळ पुस्तिकेत तर आसंल."

"होतं. अण्णांनी काट मारली."

त्यानं भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडं पाहिलं. स्वतःच्या बापाकडं इतक्या रागानं बघणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

"आन तिकडं? त्या देशात? आसलं कायतरी झालं आसंलच की. त्यांनी काय केलं? तू लय वाचलंयस."

मी वाचलं होतं. माणसं काय काय करतात हे त्या पानांत सविस्तर आहे.

"मी १९९१ पर्यंतच वाचलंय, साहेब," मी म्हटलं. "पुढचं मला ठाऊक नाही."

मी पंपघरावर परत आले. मीटर वाचला, वेळ घातली, गावाचं नाव घातलं. पाळी सातव्यावर होती. पंप चालू होता.